हुकमाचे ताबेदार

‘अ फ्यू गुड मेन’ (१९९२) म्हटलं की साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून गरजणारा कर्नल जेसप आठवतो. जॅक निकल्सनने ती गर्जना अशी केली आहे की, ऐकताना आपणही क्षणभर मान डोलावतो. दिग्दर्शक रॉब रायनरला आपली ही पंचाईत हवीच असणार. पण सत्तेचा गैरवापर मला त्या गर्जनेत तितकासा दिसत नाही. तो दिसतो एका शिपायाच्या जेवणात.

ग्वांटानामो बेच्या अमेरिकी नाविक तळावर लेफ्टनंट केंड्रिक हा बेल नावाच्या शिपायाला शिक्षा म्हणून बराकीत उपाशी ठेवतो. लान्स कॉर्पोरल डॉसन त्याला चोरून खायला देतो. ही गोष्ट उघडकीस येते, डॉसनचा गोपनीय अहवाल बिघडतो, बढती हुकते. पुढे सँटियागो या दुबळ्या शिपायाला ‘कोड रेड’ द्यायचा, म्हणजे सोबत्यांनीच गुपचूप धडा शिकवायचा, असा जेसपचा हुकूम येतो, तेव्हा हाच डॉसन तो निमूट पाळतो. तोंडात बोळा कोंबलेला सँटियागो मरतो, आणि डॉसन व त्याचा साथीदार डाउनी यांच्यावर खुनाचा खटला उभा राहतो. ज्याने एकदा माणुसकी दाखवली त्यालाच पुढच्या खेपेला हाताशी धरता आलं. आरडाओरडा नाही, धमकी नाही. अहवालातला एक शेरा पुरला.

नाटककार आरन सॉर्किनला हा विषय सुचला तो लष्करी वकील असलेल्या बहिणीकडून, ग्वांटानामोतल्याच एका खऱ्या प्रकरणावरून. त्याची रचना पक्की आहे. सरकारी वकील मरीनांची नियमपुस्तिका पुढे करतो: यात ‘कोड रेड’ कुठे आहे, दाखवा. बचावाचा वकील कॅफी तीच पुस्तिका घेऊन साक्षीदाराला विचारतो, मग यात भोजनगृह कुठे आहे ते सांगितलंय का? रोज जेवायला जाणाऱ्याला ते पुस्तकात शोधावं लागत नाही. न लिहिलेला कायदा बराकीत कसा चालतो, हे या एका प्रश्नात येऊन जातं.

जेसप अडकतो तो स्वतःच्याच घमेंडीत. सँटियागोला हात लावू नका असं मी बजावलं होतं, असं तो सांगतो. जिवाला धोका म्हणून त्याची बदली करणार होतो, असंही सांगतो. पण माझा हुकूम कधी मोडला जात नाही, ही तर त्याचीच शेखी. मग धोका कसला? युक्तिवाद बिनतोड आहे, तरी त्यापुढचा कबुलीजबाब मला नाटकी सोय वाटते. प्रत्यक्षात असे अधिकारी ‘आठवत नाही’ म्हणतात आणि निवृत्तिवेतन घेतात.

आपल्या १९५० च्या सेना अधिनियमातही मोडू नये असं म्हटलंय ते वरिष्ठाच्या कायदेशीर हुकमाबद्दल, आणि हाताखालच्या माणसाचा छळ हाही त्यात गुन्हाच आहे. कागद चोख आहे. पण हुकूम योग्य की अयोग्य हे स्वतः ठरवणाऱ्याचं मागच्या वेळी काय झालं, हे बराकीत सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणूनच चित्रपटातला निकाल मला जेसपच्या अटकेहून मोलाचा वाटतो. डॉसन आणि डाउनी खुनाच्या आणि कटाच्या आरोपांतून सुटतात. मरीनला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल मात्र दोषी ठरतात आणि दोघांनाही बडतर्फ केलं जातं. डाउनीला कळतच नाही. हुकूम दिल्याचं कर्नलने कबूल केलं, मग आमचं काय चुकलं? डॉसनला कळतं: जो स्वतःसाठी लढू शकत नव्हता, त्याच्यासाठी लढणं हे आपलं काम होतं. बेलच्या वेळी त्याने ते केलं होतं.

याच कथेवर बेतलेल्या हिंदी ‘शौर्य’मध्ये (२००८) आरोपीच फिरवला आहे. काश्मीरमधला कॅप्टन जावेद हुकूम पाळत नाही. निरपराध लोकांवर उठलेल्या वरिष्ठाला तो गोळी घालतो. के. के. मेननचा ब्रिगेडियर जबरदस्त आहे, पण त्याचा द्वेष इतका उघड आहे की बाजू निवडायला प्रेक्षकाला जड जात नाही. जावेदच्या पाठीशी उभं राहून आपण निर्धास्त घरी जातो. डॉसनच्या पाठीशी उभं राहायचं, तर सँटियागोच्या तोंडातला बोळाही हिशेबात धरावा लागतो. आणि तेवढं आपल्या प्रेक्षकाकडून मागायला ‘शौर्य’ धजत नाही.