कोठारातले बी आणि चिखलातले बी
कोठारातले बी रुजत नाही, शेतातले रुजते, म्हणून ती दोन बीजे भिन्नच, असे वस्तुमात्र क्षणिक मानणारे बौद्ध तार्किक म्हणत. बी तेच, केवळ माती-पाण्यासारखी सहकारी कारणे जुळलेली नव्हती, असे नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर होते. उत्तर अमेरिकेत पाणथळ जागांच्या पुनरुज्जीवनासाठी पेरली जाणारी, लव्हाळ्याच्या कुळातील कॅरेक्सची बीजे हा वाद अधिक अवघड करतात. पिशवीसारख्या आवरणातले ताजे बी ओल्या चिखलातही बहुधा निश्चल राहते. ओलसर थंडीत काही आठवडे गेले की त्याची सुप्तावस्था, म्हणजे अनुकूल स्थितीतही न रुजण्याची आंतरिक अवस्था, ओसरते आणि मग प्रकाश व दिवसरात्रीच्या तापमानातला चढउतार मिळताच कोंब फुटतो. थंडी बीजाचे अंतरंगच पालटते, एवढे बौद्धांचे म्हणणे मान्य करावेच लागते. मात्र पालटलेले बी परके ठरवणे अतिरेकाचे होय.