तांब्यातली खिडकी

तांब्याच्या भांड्याला स्वतःचा चेहरा नसतो. समोर जे येईल ते त्याचं रूप.

हे मला पुण्याच्या तांबट आळीतून आणलेल्या एका तांब्याने शिकवलं. वीतभर उंच, हाताने मठारलेला. टेबलावर ठेवला, वरून लाइट मारला, फोटो मोठा करून पाहिला, तर मठारीच्या प्रत्येक ठोक्यात माझ्या खोलीची खिडकी. ठोके शेकडो, खिडक्याही शेकडो. आणि प्रत्येक खिडकीच्या कडेला, ट्रायपॉडला बिलगून उभी असलेली मोहरीएवढी मी.

तीन दिवस मी त्या तांब्यातून स्वतःला बाहेर काढत होते. खिडकीला बटर पेपर लावला. लाइट भांड्यावरून वळवून थर्माकोलवर पाडला. काळा कुडता घातला. चौथ्या दिवशी तांब्या अगदी स्वच्छ आला. ना खिडकी, ना मी. पण तो तांब्याचा राहिला नव्हता, प्लास्टिकला रंग दिल्यासारखा दिसत होता. मग दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटची बोटभर पट्टी उभी केली आणि कडा सुरीसारखी उमटली. धातूला चकाकण्यासाठी काळोख लागतो.

एका बाजूची खिडकी मी मुद्दाम ठेवली. ज्या दुकानात तो मठारला गेला तिथेही उजेड एकाच बाजूने येतो, दारातून.

वस्तूवर प्रकाश टाकणं हे काम अर्धंच. कुठला प्रकाश तिच्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हे ठरवण्यात दिवस जातो.

एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. नरसाळ्याच्या आतल्या उतारावरून वळून आलेला उजेड मिरचीला चहूबाजूंनी लागला आणि भाजीला पाठ, खांदा, दंड असं अंग आलं. तो फोटो जगभर गेला. मला त्यात मिरचीइतकंच नरसाळं महत्त्वाचं वाटतं, जे फोटोत नीट ओळखूही येत नाही.

तो तांब्या घडवणाऱ्या काकांचाही फोटो काढायचा होता. सांगितल्यावर त्यांनी हातोडा खाली ठेवला, हात धुतले, आतून इस्त्रीचा शर्ट घालून आले, टोपी चढवली आणि खुर्चीत ताठ बसले. दोन्ही पंजे गुडघ्यांवर, नजर थेट लेन्समध्ये. मी चार-पाच फोटो काढले, मनातून नाखूश. मला ‘जिवंत’ फोटो हवा होता. ते पुन्हा कामाला बसेपर्यंत मी थांबले. मग मिळाला: उचललेला हातोडा, कानशिलावरून उतरणारा घाम, दारातून तिरपा आलेला उजेड, त्यात तरंगणारी धूळ. हरखून मी तो त्यांना दाखवला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, “घामेजलेला कशाला काढलात, ताई? घरात लावायचाय.”

मी काहीच बोलू शकले नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले आणि ते बसतील तसाच काढला. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दार त्यांच्या डाव्या हाताला. लाइट नेला होता, तो पिशवीतून काढलाच नाही. तो ताठपणा म्हणजे कॅमेऱ्याची भीती, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो आब होता. आपण कसं दिसायचं हे त्यांनी ठरवलं होतं आणि मी पहिल्या दिवशी ते त्यांच्या हातून काढून घेतलं होतं.

घामाचा फोटो चांगला आहे, हे मी आजही म्हणेन. पण तो माझा आहे. दुसरा त्यांचा.

डिसेंबर १९४१, ओटावा. युसुफ कार्शने चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि त्याच क्षणी शटर दाबलं. कपाळावरच्या त्या आठीत जगाने हिटलरशी झुंजणारं ब्रिटन पाहिलं. आठी होती समोर सिगार घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी. मठारीच्या ठोक्यात मी दिसते, तसा त्या कपाळावर कार्श आहे.

दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई उरतो. नियम पाठ होता. कळला तो चेहऱ्यांवर. चेहऱ्याजवळ आणलेला मोठा, पसरट उजेड सुरकुत्या बुजवतो. लांबचा लहान दिवा त्या एकेक मोजून दाखवतो. माणसाचं वय दिवा कुठे ठेवलाय यावरून दहा वर्षांनी हलतं. आणि कॅमेरा हातभर अंतरावर आणला की नाक मोठं होतं, कान मागे पळतात. त्याच माणसापासून आठ-दहा फूट मागे सरकलं की चेहरा आपल्या जागी येतो. काही माणसंही तेवढ्या अंतरावरूनच नीट दिसतात.

जागेचं वेगळं. तिथे हलवता येत नाही काहीच. फक्त जाता येतं, आणि पुन्हा जाता येतं.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर मी पहिल्यांदा गेले ती भर दुपारी. डोक्यावरच्या उन्हात पायऱ्यांना सावलीच नव्हती. चंद्रकोरीसारखा वळलेला एवढा देखणा घाट फोटोत सपाट भिंतीसारखा आला. दुसऱ्यांदा पावसाची सर नुकती येऊन गेली होती. ओला काळा पाषाण काय दिसतो! कोरडा असतो तेव्हा राखाडी, धुळकट. भिजला की आतून काळोख वर आल्यासारखा. आभाळ भरलेलं, उजेड मऊ. मी लेन्सला काळी काच चढवली आणि तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. कृष्णेचं पाणी दुधासारखं पसरावं म्हणून.

पसरलं. पण खालच्या पायरीवर एक बाई धुणं धूत होत्या, त्या फोटोत नव्हत्या. त्यांच्या जागी धुरासारखा एक डाग. शेजारची प्लास्टिकची बादली आणि पिळून ठेवलेली लुगडी तेवढी स्पष्ट, पिळ्यासकट.

१८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो दागेरने घेतला, त्यातही हेच झालं होतं. एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं. रस्त्यावरून जाणारे-येणारे सगळे पुसले गेले. उरला एकच जण, बूट पॉलिश करून घेत जागेवर उभा राहिलेला. त्याचे बूट पुसणाराही दिसतो, पण अंधुक. त्याचे हात चालू होते ना.

थांबलेला उरतो आणि राबणारा पुसला जातो. मला ते घाटावर उभ्या-उभ्या सहन होईना. काच काढली, शटर १/१२५ वर आणलं. बाई परत आल्या: वर उचललेलं लुगडं, हवेत सुटलेले थेंब, दातांत धरलेला पदर. पाणी मात्र आता नुसतं पाणी होतं, गढूळ, पावसाळ्यातलं. मी निघताना त्या म्हणाल्या, “पाणी उतरल्यावर या. खालच्या पायऱ्या आत्ता बुडाल्यात.” मला तोवर दिसला होता तो अर्धाच घाट होता.

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारं काम वस्तू, माणूस, जागा या तिन्हींत बसत नाही. लोक लग्नाचा एखादा ग्रुप फोटो घेऊन येतात. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटोच नसतो. चाळीस जणांतून तो चेहरा काढून मोठा करून द्यायचा, तेराव्याच्या आत. चेहरा असतो नखाएवढा. मोठा केला की डोळे आधी विरतात. मी ते कोरत बसत नाही. डोळे माझ्या मनचे काढले तर भिंतीवर दुसरंच कोणी लागेल.

परवा असाच एक फोटो आला. मांडवातल्या तिसऱ्या रांगेतल्या एक आजी, हसू आवरलेलं. मागच्या रांगेतून एक हात त्यांच्या खांद्यावर आलेला, हिरव्या बांगड्यांचा. तो पुसायला दोन मिनिटं पुरली असती. मुलाला विचारलं, हात कोणाचा? तो म्हणाला, “मावशीचा. ती नेहमी अशीच उभी राहायची.”

हात राहू दिला. फ्रेम दोन बोटं रुंद घ्यावी लागली.