वेगळा पट आणि समतेचा प्रश्न

शंभर घरांच्या पटावर प्रत्येकी वीस सोंगट्या घेऊन खेळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्समध्ये अंगबळाला काहीच किंमत नाही. तरीही 1973 पासून महिलांची जागतिक स्पर्धा वेगळी भरते. आक्षेप सरळ आहे: बुद्धीला लिंग नसेल, तर वेगळा गट म्हणजे स्त्रीच्या कमीपणाची कबुलीच. हा आक्षेप मला अपुरा वाटतो, कारण तो क्षमता आणि संधी यांत फरक करत नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्या कोणाची बुद्धी उणी म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या दार बंद होतं म्हणून. समता सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करून येत नाही; काहींना त्या रेषेपर्यंत पोहोचूच दिलेलं नसतं.

मात्र राखीव जागेची भिंत होऊ शकते, हा धोका खराच. बुद्धिबळात रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा विरोध झाला! अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना रोखता येणार नाही, असं सांगावं लागलं. म्हणजे अन्याय वेगळ्या गटात नसतो, तो खुल्या गटाला कडी घालण्यात असतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा खुला किताब मिळाला. तो स्वस्तात मिळाला म्हणणाऱ्यांनी अंतिम फेरीतली प्रतिस्पर्धी पाहावी: कोनेरू हम्पी, 2002 पासूनची ग्रँडमास्टर.