अक्षरांत शब्द असतो का?
ए, ई, टी या इंग्रजी अक्षरांतून ईट, टी, एट असे शब्द निघतात. निघतात म्हणजे आधीच आत होते? वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते शब्द म्हणजे वर्णच. शब्द वर्णांहून वेगळा, अखंड मानणाऱ्या स्फोटवाद्यांचा आक्षेप जुना आहे: ‘नदी’ आणि ‘दीन’ यांत वर्ण तेच, अर्थ निराळे. मीमांसक कुमारिल भट्टांनी वर्णांच्या क्रमाकडे बोट दाखवले. उत्तर चांगले, पण अपुरे. ‘एईटी’ हाही क्रमच, तरी शब्द नव्हे. अक्षरांत शब्द शोधणाऱ्याला भाषा आधी यावी लागते; अर्थ अक्षरांत नव्हे, भाषेत असतो. वर्ध्याजवळच्या पवनारहून विनोबा भावे यांनी भारतीय भाषांसाठी, त्यांच्या लिप्या राखूनच, नागरी लिपीचा आग्रह धरला, तो म्हणूनच पटतो. अर्थ लिपीच्या मालकीचा असता, तर नागरीत लिहिलेली बंगाली मुकी झाली असती. श्लेष, यमक मात्र वर्णांवरच जगतात. तेवढे मीमांसकांचे मान्य करावेच लागते.