आपलेच दात, आपलेच ओठ

माझ्या धाकट्या बहिणीने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी दातांना तारा लावून घेतल्या, तेव्हा घरात थोडी थट्टा झाली. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ असे म्हणून तीही हसली. लहानपणी हा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. पुढे आलेल्या दोन दातांपायी आमच्या प्रत्येक कौटुंबिक छायाचित्रात ती ओठ मिटून उभी आहे. स्वतःच्या कमाईतून तिने ही हौस पुरविली, यात मला गैर काहीच वाटले नाही.

दोन वर्षांनी तारा निघाल्या. दात एका ओळीत आले होते. वर्ष सरण्यापूर्वीच मात्र समोरचे दोन दात हलू लागले. दुसऱ्या दंतवैद्यांनी एक्स-रे समोर धरून दाखविला. मुळांची टोके झिजून ती निम्म्यावर आली होती. उपचारात ठळक चूक झाल्याचे दिसत नाही, सावध हातांनीही असे क्वचित घडते, असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. ‘पण आधी कल्पना दिली होती ना?’ हा त्यांचा प्रश्न. दिली नव्हती. इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर सही तेवढी घेतली होती.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. तारेचा मंद, अखंड दाब पडला की ज्या दिशेला दात सरकवायचा त्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे भरत जाते. हाड विरघळविणाऱ्या या क्रियेत मुळाचे टोकही थोडेफार झिजते. बहुधा ती झीज नगण्य असते, काहींच्या बाबतीत ती फार होते, आणि झिजलेले मूळ पुन्हा वाढत नाही. ही गोष्ट दंतवैद्यकात नवी नाही; विद्यार्थ्यांना ती शिकविली जाते.

बहिणीने तक्रार करायचे ठरविले आणि आमच्या इंदूरच्या मराठी वर्तुळात कुजबुज सुरू झाली. दंतवैद्य आपल्यातलेच, दोन्ही घराण्यांचा तीन पिढ्यांचा घरोबा. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ हे वाक्य त्या महिन्यात मी निदान पाच जणांच्या तोंडून ऐकले. ही म्हण ऐकविणाऱ्याचे स्वतःचे ओठ सहसा शाबूत असतात, असा माझा अनुभव आहे. मला तर ती उलट दिशेने लागू पडते असे वाटते. परक्या डॉक्टरांकडे गेली असती तर बहिणीने तो कागद घरी आणून मला वाचायला दिला असता. ‘आपल्यातले’ म्हणूनच तिने न वाचता सही केली. ज्याच्यावर असा डोळे मिटून विश्वास टाकला जातो, त्याच्यावर सांगण्याचे ऋण अधिक नाही काय?

कायदा या ऋणाचे मोजमाप कसे करतो, हे पाहण्याजोगे आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरविले. संमती म्हणजे केवळ सही नव्हे. उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला ठाऊक हवेत, हे त्याच न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले. मात्र किती सांगावे याचे माप त्या निर्णयाने मुख्यतः वैद्यकीय व्यवसायातील मान्य प्रथेवर सोपविले. इंग्लंडमधील 1957 च्या ज्या निवाड्यावरून हा विचार आला, तो सल्ल्याच्या बाबतीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बाजूला ठेवला. रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला कोणता धोका महत्त्वाचा वाटेल, हे माप तेथे आले. मला हे दुसरे माप न्याय्य वाटते. सारेच वैद्य गप्प बसत असतील, तर त्यांचे मौन ही प्रथा होईल. पण म्हणून ते योग्य ठरणार नाही.

इतपत माझे मत पक्के होते. खरी अडचण वकिलांच्या कचेरीत आली. शपथपत्राच्या मसुद्यात त्यांनी लिहिले होते, ‘धोका सांगितला असता तर मी हा उपचार कदापि घेतला नसता.’ बहिणीने ते वाक्य वाचले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘दादा, हे खरे नाही. कळले असते तरी मी तारा लावल्याच असत्या.’ वकील चपापले. रुग्णाचा निर्णय तोच राहणार असेल, तर न सांगण्याने नुकसान झाले कोणते?

हा प्रश्न 2004 मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढेही आला होता. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत एक-दोन टक्के असलेला धोका सर्जनने सांगितला नव्हता, आणि नेमका तोच ओढवला. पुढे कधीच शस्त्रक्रिया करून घेतली नसती, असे ती रुग्ण म्हणू शकली नाही. एवढेच की त्या दिवशी घेतली नसती. पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला, दोघे विरुद्ध गेले. विरुद्ध गेलेल्यांचा तर्क मला आजही सहज खोडता येत नाही.

बहिणीचे म्हणणे साधे आहे. पत्करलेले नुकसान आणि अंगावर येऊन आदळलेले नुकसान ही तिच्या लेखी दोन वेगळी नुकसाने आहेत. ‘ठाऊक असते तर हे दात माझ्या निर्णयाने गेले असते. आता ते त्यांच्या निर्णयाने गेले.’ याची किंमत रुपयांत कशी लावायची ते तिला सांगता येत नाही, मलाही येत नाही. उलट बाजूने मी तिला एकदा विचारले, की तूही काही विचारले नाहीस ना? ती म्हणाली, ‘नाही. मला ऐकायचेच नव्हते बहुतेक.’

दोन वर्षांची मुदत संपायला आठवडा उरला असताना तक्रार दाखल झाली. ते वाक्य बहिणीने स्वतःच्या हाताने खोडले, म्हणून वकिलांनी शपथपत्र पुन्हा टंकित करून घेतले. त्यामुळे दावा दुबळा झाला आहे, हे त्यांनी आम्हा दोघांना स्पष्ट सांगितले, आणि तशी नोंद करून तिच्याकडून त्याखाली सहीही घेतली. ही सही मात्र तिने वाचून केली.