सकाळची टकटक

अंबड तालुक्यातल्या एका गावात मोसंबीची बाग असलेला एक शेतकरी राहत होता. घरात म्हातारी आई, बायको आणि दोन लेकरं. एका वर्षी बागेने चांगली साथ दिली, म्हणून त्याने जुनी पण धडधाकट अशी एक पेट्रोल गाडी घेतली. जालन्याचा बाजार, दवाखाना आणि दर संकष्टीला पहाटे निघून राजूरच्या गणपतीचं दर्शन, सगळं त्या गाडीतूनच होऊ लागलं.

हिवाळा लागला तसा सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टकटक आवाज येऊ लागला. ओसरीवर तूर निवडत बसलेल्या आईने विचारलं, "गाडी कामून टकटक करायली रे?"

"तापली की थांबते, आई."

आणि खरंच, गाव मागे पडेपर्यंत आवाज बंद होई. थांबला म्हणजे मिटला, असं तो धरून चालला. पुढे पेट्रोल जास्त लागू लागलं, त्याचा दोष त्याने खड्ड्यांना दिला.

पौषातल्या संकष्टीला सगळे पहाटेच निघाले. कडाक्याची थंडी, म्हणून काचा बंद. जालना ओलांडेपर्यंत मुलीचं डोकं दुखायला लागलं, धाकट्याला मळमळू लागलं. बाप म्हणाला, "उपाशीपोटी गाडी लागली असेल." राजूरला उतरून लेकरं मोकळ्या हवेत दर्शनाच्या रांगेत उभी राहिली आणि थोड्या वेळाने खेळायलाही लागली. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. तेव्हा आजीने चारही काचा खाली करायला लावल्या आणि मुलाला म्हणाली, "खाली उतरलं की बरं वाटतं, आत बसलं की डोकं दुखतं. दुखणं लेकरांत न्हाई रे, गाडीत हाय. आधी गॅरेजला घे."

जालन्याच्या गॅरेजात गाडी आली तेव्हा इंजिन चांगलंच तापलेलं होतं. कारागिराने कान लावला आणि म्हणाला, "काहीच आवाज नाही." पण त्याच्या उस्तादांनी मान हलवली. "गाडी रात्रभर इथंच राहू द्या. सकाळी थंडगार असताना मी स्वतः चालू करतो." घरची मंडळी एसटीने गावाकडे गेली, शेतकरी मात्र नातेवाइकांकडे मुक्कामाला थांबला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी चावी फिरवली आणि टकटक स्पष्ट ऐकू आली. कारागिराने सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर जाड ओलं फडकं धरलं. तशी इंजिनाच्या हेडला धूर वाहून नेणारा मॅनिफोल्ड जिथे जोडलेला असतो, तिथून फसफस वाढली. बॅटरीच्या उजेडात सांध्याजवळ काजळीचा काळा फराटा दिसला.

"मॅनिफोल्डच्या सांध्यातलं पॅकिंग जळालंय," उस्ताद म्हणाले.

"मग तापल्यावर आवाज का थांबतो, उस्ताद?"

"तुम्ही जालन्याकडचे. रोलिंग मिलमधली सळई तापली की फुगते, निवली की आखडते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हाही धातूचाच सांधा. तापला की फट दबते, आवाज जातो. पण गळती पुरती थांबत नाही. चढाला इंजिनावर जोर आला की धूर निघतोच आणि पंख्याच्या वाटेने आत शिरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही."

शेतकऱ्याच्या अंगावर काटा आला. उस्ताद पुढे म्हणाले, "पेट्रोलही त्यामुळेच जास्त लागलं. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून इंजिन आणखी पेट्रोल घेतं."

इंजिन निवू दिलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. नट गंजून बसले होते. कारागिराने पान्याला लांब पाइप लावून जोर करायला घेतला, तसा उस्तादांनी हात धरला. "स्टड तुटला तर हेडमध्ये ड्रिल मारावं लागेल. तेल सोड आणि थांब." तेल मुरल्यावर नट हलके मागे-पुढे करत सोडवले. जुन्या पॅकिंगची कड एके ठिकाणी पार खाल्ली गेली होती. दोन्ही पृष्ठभाग खरवडून तारेच्या ब्रशने साफ केले, सरळ पट्टी धरून ते वाकले नाहीत याची खात्री केली.

"वरून थोडी सिलिकॉनची पेस्ट लावू का?" कारागिराने विचारलं.

"नको. इथल्या उष्णतेत ती जळून जाईल आणि गळती नुसती झाकली जाईल. नवं पॅकिंग कोरडंच बसव."

नवे नट लावले. मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सरकत, तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तकातल्या मापाइतकेच आवळले. गाडी चालू केली. टकटक नाही, फसफस नाही. पॅकिंगची किंमत एका क्रेट मोसंबीच्या आसपास होती.

पैसे देताना शेतकरी म्हणाला, "महिनाभर मी हा आवाज ऐकत होतो."

"ऐकत होता, पण तो थांबायची वाट बघत होता," उस्ताद म्हणाले. "तुमच्या आईने मात्र तो कशाचा आहे हे विचारलं. थंड गाडीतला आवाज, सांध्यावरची काजळी, आत येणारा धुराचा वास, कारण नसताना वाढलेलं पेट्रोल, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी या. आणि गाडीत कुणाचं डोकं दुखलं तर आधी काचा उघडा, गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवा. बरं वाटलं नाही तर सरळ दवाखाना गाठा."

तात्पर्य : आवाज थांबला म्हणजे बिघाड मिटला असं नव्हे. बिघाड जेव्हा उघडा पडतो तेव्हाच तो तपासावा, झाकण्याऐवजी मुळातून काढावा, आणि घरातल्या कुणी शंका विचारली तर ती उडवून न लावता तिचा शोध घ्यावा.