भर दुपारी विहिरीवर आलेली स्त्री



प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा आपण ऐकतो. ही कथा परभणीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे बाया पाण्याला कधी जातात? उजाडताना, नाहीतर उन्हं कलल्यावर. सोबतीने जातात, बोलत जातात. ही स्त्री मात्र भर दुपारी, एकटीच येते. मराठवाड्यातले ऊन ज्याने अंगावर घेतले आहे, त्याला हे लगेच खटकते. बहुतेक तिला पाण्यापेक्षा माणसांची भीती जास्त होती. पाच नवरे झालेली ही बाई. कुणी मेला असेल, कुणी टाकले असेल, आपल्याला ठाऊक नाही. पण गावाने काय बोलायचे ते बोलून घेतले होते. त्या बोलण्यापेक्षा तिला ऊन सोसवत होते.

बंधुभगिनींनो, आपल्यातही असे भर दुपारी पाण्याला जाणारे लोक आहेत. मिस्सा संपता संपता मागच्या दाराने निघून जाणारे आहेत. लग्नकार्याला न जाणारे आहेत. अंगावरची जखम दिसते, तिला मलमपट्टी करता येते. मनाची जखम झाकून ठेवतात, आणि झाकलेली जखम आतून चिघळते.

आज मला माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका शेतकरी बांधवाने स्वतःचे जीवन संपवले. सोयाबीन गेले होते, डोक्यावर कर्ज होते. अंत्यविधीच्या दिवशी त्याच्या पत्नीने मला एकच प्रश्न विचारला, "फादर, ते देवाजवळ गेले का?" मी गडबडलो. "देवाच्या इच्छेपुढे आपण काय करणार?" असे काहीतरी बोललो आणि पुढच्या कामाला लागलो. त्यानंतर ती बाई मंदिरात दिसेनाशी झाली. तिने भाकर मागितली होती आणि मी तिच्या हातात दगड दिला, हे मला फार उशिरा कळले. मी तिला काय सांगायला हवे होते? पवित्र ख्रिस्तसभेने 1992 सालच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट शिकवले आहे की, तीव्र मानसिक यातना आणि भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. ज्यांनी आपले जीवन संपवले त्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. देव त्याला ठाऊक असलेल्या मार्गाने त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. म्हणून ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा रिकामा पाट असेल, तर हे आज माझ्याकडून ऐका. आणि अशा घराला टोमणे मारणाऱ्यांनीही ऐका.

शोमरोनी स्त्रीच्या कथेने एका मराठी घरात काय घडवले, ते आता पाहू. पंडिता रमाबाई आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात झाला. पण त्यांच्या जीवनातून आपणही शिकावे असे बरेच आहे. 1858 साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला महाग झाले. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन जण आले. रमाबाईंची उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी लग्न झाले, आणि 1882 साली पती बिपीनबिहारी मेधावी पटकीने गेले. हाती राहिली एक तान्ही मुलगी, मनोरमा.

पुढे इंग्लंडमध्ये असताना फुलहॅम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे धर्मभगिनी मायेने सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारले, ख्रिस्ती लोक हे का करतात? तेव्हा त्यांना आज आपण ऐकलेली हीच कथा वाचून दाखवण्यात आली. येशूने त्या बाईला धिक्कारले नाही. तिच्याकडे पाणी मागितले. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की, या कथेने त्यांच्या मनावर फार खोल परिणाम केला.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात विधवा व मुली उपाशी फिरत आहेत, हे त्यांच्या कानी आले. आपले जुने दिवस त्यांना आठवले आणि त्या तिकडे गेल्या. शेकडो जणींना घेऊन परतल्या. केडगावचे मुक्ती सदन असे वाढले; 1900 च्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून अधिक माणसे होती. ज्या मुलीला आईची तिरडी उचलायला कुणी मिळाले नव्हते, ती हजारोंची आई झाली. त्यांचे दुःख संपले होते असे मात्र नाही. 1921 साली मनोरमाही त्यांच्या आधी गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी नेटाने पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.

यावरून श्रद्धा काय करते आणि काय करत नाही, हे समजून घ्यावे. घडून गेलेली गोष्ट श्रद्धा पुसून टाकत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. थोमाला त्याने ते दाखवले. व्रण राहिले, पण त्यांतून रक्त वाहायचे थांबले होते. गेलेला काळ बदलत नाही, पण त्याचा अर्थ बदलू शकतो. दुष्काळ हा रमाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा शब्द ठरला असता. देवाने त्याला पहिला शब्द केले.

मग आपण करायचे काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला. सेमिनरीत शिकताना त्यांचे उत्तर वाचून मला नवल वाटले होते. दुःखावर ते पाच उपाय सांगतात: मनाला आनंद देणारी गोष्ट, अश्रू, मित्राची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि झोप व स्नान! एवढा मोठा तत्त्वज्ञ आंघोळीची आठवण करून देतो, कारण माणूस म्हणजे नुसता आत्मा नव्हे, शरीरही आहे. दुःखी माणसाला आधी जेवू घाला, झोपू द्या, उपदेश नंतर.

अश्रूंविषयी ते म्हणतात की, आत कोंडलेले दुःख अधिक छळते, बाहेर पडले की हलके होते. आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाईला हे ठाऊक होते. दळता-कांडता ती आपले दुःख देवाशी बोलत असे. आपल्या आज्याही जात्यावरच्या ओव्यांतून मन मोकळे करत. आज घरात जाते नाही, आणि बोलायला माणूसही नाही. पुरुषांचे तर विचारूच नका. 'मर्दाने रडू नये' असे आपण मुलांना शिकवतो. येशू लाजराच्या कबरेपाशी सर्वांदेखत रडला.

मित्राविषयी ते म्हणतात की, दुःख हे ओझ्यासारखे आहे. दुसऱ्याने हात लावला की हलके वाटते. म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका दुःखी घरी जावे. सल्ला देऊ नका. चहा घ्या, बसा, ऐका.

आणखी एक सांगतो. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरचीही मदत घ्या. त्यात श्रद्धेची कमतरता नाही. वैद्याचे ज्ञानही देवाचेच दान आहे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

शुभवर्तमानाच्या शेवटी ती स्त्री घागर तिथेच ठेवून गावात धावत जाते. ज्या लोकांना ती टाळत होती, त्यांनाच ती बोलावते. तिची परिस्थिती तीच होती, गाव तेच होते. पण तिचे सगळे ठाऊक असूनही तिला दूर न लोटणारा एक तिला भेटला होता.

तो आजही विहिरीच्या काठी बसला आहे. येत्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर मी मंदिरात थांबणार आहे. कुणाला प्रायश्चित्त संस्कार घ्यायचा असेल, कुणाला नुसते बोलायचे असेल, त्यांनी यावे. या वेळी मी घाई करणार नाही.

हे प्रभो, भर दुपारी एकट्याने चालणाऱ्या तुझ्या लेकरांना जिवंत पाणी पाज; आणि आम्हांला त्यांच्या सोबतीला चालायला शिकव. आमेन.

आपला,
धर्मगुरू